शहर-खेड्यातला फरक पहिल्याच महिन्याचा

१९७१ साली भारतातल्या खेड्यांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १३८ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. शहरांत ८२. जन्म-मृत्यू मोजणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत २०२० मध्ये हे आकडे ३१ आणि १९ वर उतरले. दरी ५६ वरून १२ वर आली, हे यश खरंच. पण जरा भागाकार करून बघा. १९७१ मध्ये खेड्यातला दर शहराच्या १.७ पट होता, २०२० मध्ये १.६ पट. २०२० मध्ये महाराष्ट्राचा एकूण दर १६, म्हणजे देशापेक्षा पुष्कळ बरा. तरी खेडी २०, शहरं ११. (आणि शहराच्या सरासरीत झोपडपट्टी आणि टॉवर एकाच हिशेबात धरलेले असतात.)

खरी गंमत पुढे आहे. त्याच पाहणीत देशभरात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू खेड्यात २३, शहरात १२. हे वजा केले, तर महिन्यापासून वर्षापर्यंतचे मृत्यू उरतात खेड्यात ८, शहरात ७. बाराच्या फरकातले अकरा पहिल्याच महिन्यातले!

महिन्यानंतर बाळाला गाठतात ते जुलाब, न्यूमोनिया, गोवर. त्यावरची लस, ओआरएस गावात पोचलंय; लसीकरणाचा दिवस आठवडाभर पुढे गेला तरी निभावतं. नवजात बाळाला तेवढी सवड नसते. जन्मल्यावर श्वास घेतला नाही तर मिनिटांचा खेळ. कमी दिवसांचं बाळ गार पडतं, दूध ओढत नाही, जंतुसंसर्ग काही तासांत अंगभर पसरतो. नवजात अतिदक्षता कक्ष मात्र बहुधा जिल्ह्याच्या गावी.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत उपचारच घरी नेले. गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचं वजन करायचं, ते उबदार ठेवायचं, श्वास मोजायचे. मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर धोका. गरज पडली तर जंतुसंसर्गावरच्या जेंटामायसिनचं इंजेक्शनही त्याच देत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशाताई घरोघरी नवजात बाळं तपासू लागल्या.

तरी एक भोक राहतंच. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात, आणि बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाताईची पहिली भेट तिसऱ्या दिवशी. त्याआधीचे दिवस मुख्यतः दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सच्या हातात असतात.