बुडख्यातली साखर, कमरेतली कळ

आमच्या पंढरपूर-माढा भागात उसाची तोड आली की पहाटे चारलाच फडात बॅटऱ्यांचे उजेड हलायला लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, पाथर्डीकडून आलेली माणसं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जोडीवर, कामाचा हिशोबही जोडीवर. कारखान्याच्या अड्ड्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल पेटवून, भाकरी थापून बायका आधीच दोन तास राबलेल्या असतात. ही घाई मुकादमाच्या धाकाने होते, असं लहानपणी मला वाटायचं. धाक असतोच. पण घाईचं एक मूळ उसाच्या आत आहे.

ऊस थंडीत पिकतो. पाऊस संपतो, रात्री गार होतात, वाढ मंदावते आणि पानांनी केलेली साखर वाढीवर खर्च न होता कांड्यांत साठत जाते. बुडख्याकडची जुनी कांडी आधी भरतात, शेंड्याची सर्वात शेवटी. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपण म्हणतो, पण कारखान्याला तो मुळापासूनच हवा असतो. बुडखा चार बोटं जरी वर राहिला तरी सर्वात गोड भाग शेतात राहतो आणि खोडवाही, म्हणजे त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक, नीट फुटत नाही. म्हणून कोयता जमिनीला लागून चालवायचा, आणि कोयता जमिनीला लागून चालवायचा तर माणसाने पूर्ण वाकायचं.

पाठ पूर्ण वाकली की कण्याला सावरणारे स्नायू जवळजवळ थांबतात. भार अस्थिबंधांवर आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. थोडा वेळ हे निभतं, पण तासन्‌तास ताणलेले अस्थिबंध सैलावतात आणि सरळ उभं राहिल्यावरही लगेच पूर्ववत होत नाहीत. अशा सैलावलेल्या कण्यावर मग मोळी चढते, ३०-४० किलोची. ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये जायचं.

एका उसाचं वजन एक-दीड किलो धरा. एक कोयता दिवसाला दोन टन तोडत असेल तर ते साधारण दीड हजार ऊस होतात. प्रत्येकाला बुडाशी घाव, पाचट सोलणं, शेंड्याला घाव. दोनच घाव मोजले तरी जोडीच्या वाट्याला रोज तीन हजार येतात.

ऊस तुटला की त्याचं घड्याळ सुरू होतं. पेशींमधलं इन्व्हर्टेज नावाचं विकर साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. चवीला दोन्ही गोड, पण कारखान्यात त्यांचे दाणे पडत नाहीत. उलट ती मळीत जातात आणि जाताना चांगली साखरही अडकवून नेतात. तुटलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. त्याने रस दाटतो, गाळायला जड जातो. ऊस वाळतो तो वेगळाच, आणि ते घटलेलं वजन शेतकऱ्याच्या खिशातून जातं. म्हणून शक्यतो एका दिवसात ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडावा असा सगळ्यांचा आग्रह असतो. रात्री अकराला गाडी आली तर रात्री अकराला भरायची.

उष्णतेने या सगळ्या क्रिया वेग घेतात. डिसेंबरात जो ऊस धीर धरतो तो मार्चमध्ये धरत नाही, आणि मार्चमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे घाई सर्वात जास्त असते तेव्हाच माणसाच्या शरीराला सावकाशीची गरज असते. या हंगामाची खरी अडचण मला इथे दिसते.

स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीत वापरतात, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण उसाच्या दाट फडात वारा शिरत नाही, आणि पानांच्या कडांना सिलिकाचे बारीक दाते असल्याने अंगभर कपडे घालावे लागतात. घाम सुकत नाही, नुसता वाहतो. जड कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. ५० किलोच्या बाईसाठी ते वजनाच्या दोन टक्के झालं. तेवढं पाणी भरून निघालं नाही तर नाडी वाढते आणि काम जड जाऊ लागतं.

या वेळी मूत्रपिंडांत काय होतं ते फार महत्त्वाचं आहे. एरवी हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. कष्टात आणि उन्हात शरीर ते रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळवतं. एखाद्या दिवशी असं झालं तर मूत्रपिंडं सावरतात. रोज झालं तर?

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत या प्रश्नाचं उत्तर फार महाग पडलं. तिथले तरणे ऊसतोडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले. मधुमेह नाही, रक्तदाबाचा जुना त्रास नाही. २००२ मध्ये एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी हा वेगळा आजार असल्याचं मांडलं. कारणांवर अजून वाद आहे, पण उन्हातले अतिकष्ट आणि वारंवार पाणी कमी पडणं हा त्यातला मोठा धागा मानला जातो. तिथे तोडणीआधी फड पेटवतात. आपल्याकडे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना लागतात म्हणून ऊस बहुधा हिरवाच तोडतात. बाकी ऊन, कोयता आणि टनावर मजुरी सारखीच.

टनावर मजुरी म्हणजे सावलीत बसलेला प्रत्येक क्षण पदरचा. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती हवीच होती. पण अंगावर उचल आहे आणि खाडा झाला की पैसे कापले जातात, तोवर दर वाढल्याने माणूस जास्त पाणी पिणार नाही.

बायका तर ठरवून कमी पितात. फडात आडोसा नाही, अड्ड्यावर संडास नाही. लघवी दाबून ठेवली की जंतुसंसर्ग होतो, आणि पाळीत कापड बदलायलाही जागा नाही. अंगावर जाणं, ओटीपोटात दुखणं यावर उपचाराऐवजी गर्भाची पिशवीच काढून टाकली जाते. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे दर सहा जणींत एक. देशात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. "कटकट गेली" असं त्यांना सांगतात. पण सोबत बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम थांबतं आणि हाडं झपाट्याने विरळ होतात. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. हाडं अशी विरळ झालेली पस्तिशीची बाई पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा मोळी घेऊन त्याच फळीवर चढते.

एल साल्वादोरमध्ये पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती एवढंच देऊन पाहिलं. पाठीवर पाण्याची पिशवी, शेतात हलवता येणारा मांडव, ठराविक वेळाने सुट्टी, आणि सुधारलेला कोयता. रोजची तोडणी घटेल अशी भीती होती, ती माणशी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. त्यात कोयत्याचाही वाटा असणार, पण विश्रांतीने काम बुडत नाही एवढं त्यावरून दिसतं.

सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा. कोणत्या प्लॉटला आधी तोड द्यायची हे ठरवताना उसाची पक्वता तपासतात, रसाचे थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून साखर मोजतात. तोडणाऱ्या माणसाच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारा पदार्थ, मोजलेलं मी आमच्या फडात कधी पाहिलं नाही. ही तपासणी तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. एका वेळी मोजून पुरत नाही, दोन आकड्यांतला फरक बघावा लागतो. म्हणून एकदा हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटताना आणि एकदा हंगाम संपून पट्टा पडताना, माणसं गावाकडे परतण्याआधी.