ऑस्ट्रेलिया युरोव्हिजनमध्ये कसा?

दरवर्षी मे महिन्यात युरोव्हिजन गीतस्पर्धा रंगली की ठरलेला प्रश्न येतो: ही युरोपची स्पर्धा, मग ऑस्ट्रेलियाला घुसवलं कोणी? पैसे मोजून जागा मिळवली, असंही सर्रास सांगितलं जातं. मुळात प्रश्नातच चूक आहे.

ही स्पर्धा खंडाची नाही, प्रसारण संस्थांची आहे. ‘युरोव्हिजन’ हे नाव कार्यक्रमांची देवाणघेवाण करणाऱ्या जाळ्याचं, आणि ते चालवतं युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. तिच्या सदस्य वाहिन्या गाणं पाठवतात, सरकारं नव्हे. सदस्यत्वाचं क्षेत्र भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत जातं. म्हणूनच इस्रायल 1973 पासून आहे आणि 1980 मध्ये मोरोक्कोकडून समीरा सईद गायली. तिला केवळ 7 गुण मिळाले, तेही सगळे इटलीकडून. मोरोक्को पुन्हा आला नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

ऑस्ट्रेलियाची एसबीएस ही वाहिनी या युनियनची सहयोगी सदस्य. तिथे 1983 पासून हा सोहळा दाखवला जातो, लोक पहाटे उठून पाहतात. 2015 मध्ये 60व्या स्पर्धेसाठी त्यांना खास निमंत्रण मिळालं. गाय सेबॅस्टियन पाचवा आला, पुढच्या वर्षी डॅमी इम दुसरी. एकदाच म्हणून दिलेलं ते निमंत्रण मग लांबत गेलं.

गायकही त्याच देशाचा असावा, असा युरोव्हिजनचा नियम नाही. 1988 मध्ये स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलिन डिऑन कॅनडाची होती.