ट्रायग्लिसराइड उतरलं, एलडीएल चढलं: दोघांना एकाच नावाने हाक मारू नका

लॅबच्या खिडकीवर रिपोर्टचं पाकीट हातात घेता घेताच माणूस विचारतो, “कोलेस्टेरॉल कसं आहे?” मी उलट विचारतो, “कुठलं?” बहुतेकांना हा आगाऊपणा वाटतो. पण हल्ली तो फार वेळा करावा लागतो. भात-पोळी सोडून पनीर, अंडी, तूप, लोणी यांवर गेलेली मंडळी चार महिन्यांनी रिपोर्ट न्यायला येतात आणि एकाच कागदावरून खिडकीतच वाद सुरू होतो. नवरा म्हणतो, “बघ, चरबी निम्म्याहून कमी झाली.” बायको म्हणते, “अहो, पण कोलेस्टेरॉल वाढलंय. सांगत होते अंडी नकोत.” दोघंही खरं बोलत असतात, फक्त बोटं वेगवेगळ्या ओळींवर असतात.

असाच एक कागद बघा. जन्मापासून शाकाहारी, पंचेचाळिशीतले गृहस्थ, पोट सुटलेलं. आधीचा रिपोर्ट, आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये: एकूण कोलेस्टेरॉल २०४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (लोक ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ३६, एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते) १२०. मग भात, पोळी, साखर, बटाटा बंद. घरात अंडी आली, पनीर रोजचं झालं आणि सकाळच्या कॉफीत दोन मोठे चमचे तूप पडायला लागलं. चार महिन्यांत वजन आठ किलोने उतरलं. नवा रिपोर्ट: एकूण २६२, ट्रायग्लिसराइड ९०, एचडीएल ४८, एलडीएल १९६. गृहस्थ खूश. “चरबी गेली” हे त्यांनी तिथल्या तिथे फोनवरून भावालाही कळवलं.

ट्रायग्लिसराइडबद्दल मी फार लिहीत नाही. पिष्ट आणि साखर गरजेपेक्षा जास्त झाली की यकृत तिची चरबी करून रक्तात सोडतं, तेच हे. भात-पोळी-साखर कमी केली, वजन उतरलं, दारू सुटली की हा आकडा धाडकन खाली येतो, कित्येकदा काही आठवड्यांत. एचडीएलही थोडं वर सरकतं. आपल्याकडे हाच घोटाळा मोठा आहे. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगडबरोबर महाराष्ट्रही होता. २०१४ साली तिचे लिपिडचे आकडे प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं एचडीएल कमी होतं, जवळजवळ ३० टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त होतं आणि एलडीएल जास्त असलेले १२ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा पिष्ट कमी करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. आमच्या गृहस्थांनी त्या बाबतीत चांगलंच काम केलं होतं.

घोळ पुढे होतो. ट्रायग्लिसराइड उतरलं म्हणजे एलडीएलची काळजी मिटली, असं गृहीत धरलं जातं. हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे लॅबमध्ये डोळ्यांनी दिसतं. रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर सीरम उरतं. ट्रायग्लिसराइड ९०० असलेल्याचं सीरम दुधासारखं पांढुरकं दिसतं, आरपार बोटही दिसत नाही. आता एलडीएल २२० पण ट्रायग्लिसराइड ९० असलेल्या माणसाची ट्यूब त्याच्या शेजारी धरा. स्वच्छ, पिवळसर, गव्हाच्या काडीच्या रंगाची. निरोगी माणसाच्या ट्यूबपासून वेगळी ओळखू येत नाही. एलडीएलचे कण इतके बारीक असतात की ते उजेड अडवतच नाहीत. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा तसली स्वच्छ ट्यूब बघून “एकदम छान सॅम्पल” म्हणाला होता. सॅम्पल छान होतं, आकडा नव्हता.

दोघांचं नातं मात्र आहे, आणि गैरसमज तिथूनच येतो. सकाळी दूध घालायला निघालेला गवळी डोळ्यांसमोर आणा. यकृत भरलेल्या किटल्या रक्तात पाठवतं. त्यांना व्हीएलडीएल म्हणतात आणि त्यांतलं दूध म्हणजे ट्रायग्लिसराइड. स्नायू आणि चरबीच्या पेशी ते काढून घेतात, हे काही तासांत आटोपतं. उरते ती जवळजवळ रिकामी किटली. तीच एलडीएल, आणि तिच्या पत्र्यात कोलेस्टेरॉल असतं. ही रिकामी किटली दोन-तीन दिवस रक्तात हिंडते आणि शेवटी यकृतच ती परत आत घेतं. आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर खास दारं असतात. ती ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी शोधली आणि १९८५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं.

म्हणजे ट्रायग्लिसराइड किती, हे यकृत किती दूध भरून पाठवतं यावर ठरतं. एलडीएल किती, हे मुख्यतः रिकाम्या किटल्या परत आत घेणारी दारं किती उघडी आहेत यावर. पिष्ट कमी केलं की दूध कमी झालं, ठीक. पण तूप, लोणी, साय, खोबरेल यांमधली संपृक्त चरबी ही दारं कमी करते. मग किटल्या रस्त्यावरच राहतात आणि वेळ मिळाला की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात. एका बाजूला दूध कमी, दुसऱ्या बाजूला किटल्यांची गर्दी. हे दोन्ही एकाच माणसात, एकाच महिन्यात घडू शकतं. आमच्या गृहस्थांचं नेमकं तेच झालं.

शिवाय शाकाहारातून असा बदल करताना आणखी एक गोष्ट नकळत सुटते: डाळी, उसळी, फळं, ओट्स. त्यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्ल (यकृत कोलेस्टेरॉलपासून करतं ते) धरून बाहेर नेतो. मग नवं पित्ताम्ल करायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. वरण सुटलं आणि तूप वाढलं, म्हणजे दोन्हीकडून एलडीएललाच वाव. “मी तर आयुष्यभर वरण-भातावर तूप खाल्लं, तेव्हा काही झालं नाही” असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, किती? वरण-भातावरचं तूप लहान चमच्याचं. कॉफीतल्या दोन मोठ्या चमच्यांत सतरा ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी, त्यावर २०० ग्रॅम पनीर म्हणजे आणखी साधारण पंचवीस ग्रॅम. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याने दिवसाकाठी संपृक्त चरबी बावीस ग्रॅमच्या आत ठेवावी, असा हिशोब जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेवरून निघतो. इथे नाश्ता आणि पनीर मिळूनच बेचाळीस.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर: “पण माझं एलडीएल मोठ्या, फुगीर कणांचं आहे, ते निरुपद्रवी असतं. बारीक, घट्ट कणच वाईट.” यातलं अर्धं खरं आहे. ट्रायग्लिसराइड जास्त असताना कण बारीक होतात आणि ते उतरल्यावर कण मोठे होतात. पण मोठा कण निरुपद्रवी, हे कुठून आलं? ज्यांना जन्मतःच ती दारं कमी मिळालेली असतात, त्या आनुवंशिक आजाराच्या लोकांचं बघा. त्यांच्यात ट्रायग्लिसराइड बहुधा ठीक, कणही बहुधा मोठेच, साखरही नॉर्मल असू शकते. फक्त एलडीएल लहानपणापासून जास्त. उपचार झाला नाही तर त्यांना ऐन तारुण्यात हार्ट अटॅक येतात. ट्रायग्लिसराइड कमी असल्याने एलडीएल माफ होत असतं, तर ही माणसं पहिली वाचली असती.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. एलडीएल थोडं वाढलं की लगेच छातीत धस्स व्हायचंही कारण नाही. एक तर बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरेल ते एलडीएल. वरच्या कागदावर करून बघा, २०४ वजा ३६ वजा ४८, बरोबर १२०. ट्रायग्लिसराइड चढलेलं असताना हे सूत्र एलडीएल कमी दाखवतं, आणि ४०० च्या वर तर ते वापरतच नाहीत. त्यातून त्या वेळी एकेका कणात कोलेस्टेरॉलही कमी भरलेलं असतं. म्हणजे ‘आधीचा’ एलडीएलचा आकडा दिसतो तितका चांगला नव्हताच. १२० चं १३५ झालं, तर कण तितकेच असून फक्त भरणा वाढलेला असू शकतो. १२० चं १९६ झालं, तर असल्या सारवासारवीने भागत नाही. शंका असेल तर अपोबी नावाची तपासणी करून घ्या. प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, त्यामुळे ती सरळ कण मोजल्यासारखी असते. माझ्या मते खाणं मुळापासून बदलणाऱ्याने ती एकदा तरी करावी.

ती नको असेल, तर फुकटचा आकडा तुमच्या रिपोर्टवरच आहे: एकूणमधून एचडीएल वजा, म्हणजे भिंतीत शिरू शकणाऱ्या कणांमधलं सगळं कोलेस्टेरॉल. गृहस्थांचा आधी १६८, नंतर २१४. पण त्यांनी मला दाखवला तो ‘रेशो’. एकूण भागिले एचडीएल, आधी ५.७, आता ५.५, “म्हणजे सुधारलं!” या रेशोचा मला मनस्वी कंटाळा आहे. वरचा आकडा ५८ ने वाढला, खालचा १२ ने वाढला, भागाकाराने सगळं झाकून टाकलं. रक्तवाहिनीच्या भिंतीत भागाकार शिरत नाही, कण शिरतात.

बाकीचे गोंधळ किरकोळ. अंड्यातलं कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल नव्हे. एका अंड्यात ते १८०-१९० मिलिग्रॅम असतं खरं, पण संपृक्त चरबी दीड ग्रॅमच. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांमधूनही ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ नंतर गेली. तेव्हा वहिनी, अंड्यांवरचा राग तुपाकडे वळवा. तेलाच्या पुड्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून हुरळू नका; वनस्पतीच्या कुठल्याही तेलात ते नावालाच असतं. खोबरेलही ‘फ्री’च, आणि त्याच्या मोठ्या चमच्यात संपृक्त चरबी बारा ग्रॅम, शेंगदाण्याच्या तेलात अडीचच्या आत. लंडनच्या किंवा सिडनीच्या मुलाने “माझं एलडीएल फक्त ३.५” म्हणून कळवलं तर हेवा करू नका, तिथे मिलिमोल या वेगळ्या एककात मोजतात; तिथला आकडा ३८.६७ ने गुणायचा, तो आपल्याकडचा १३५ होतो. ट्रायग्लिसराइडला मात्र ८८.६ ने गुणायचं. बघा, गुणक सुद्धा दोघांचे वेगळे.

आणि वजन भराभर उतरत असताना काढलेल्या रिपोर्टवर फार विश्वास ठेवू नका. वजन दोन-तीन महिने एका जागी टिकू द्या, रात्री दहा-बारा तास उपाशी राहा, आदल्या दिवशी लग्नातलं जेवण आणि नंतरचे दोन पेग नकोत, मग सॅम्पल द्या. थायरॉइड एकदा तपासा. ते मंद असलं तरी एलडीएल चढतं. स्टॅटिनची गोळी चालू असेल तर “आता चरबी गेली” म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती गोळी एलडीएलसाठी होती. आणि एलडीएल १९० च्या वर असेल, तर ट्रायग्लिसराइड कितीही देखणं असो, कागद घेऊन डॉक्टरकडे जा.

आमच्या गृहस्थांना डॉक्टरांनी सांगितलं की भात-पोळीकडे परतायची गरज नाही, फक्त चरबी बदला. कॉफीतलं तूप बंद. पनीर रोजचं नाही, आठवड्यातून दोनदा. फोडणीला शेंगदाण्याचं तेल, जवसाची आणि कारळ्याची चटणी, मूठभर अक्रोड, वाटीभर मटकीची उसळ, रात्री इसबगोल. अंडी तशीच राहिली. बांगडा सुचवला होता, पण अंड्यांपर्यंत आलेलं घर बांगड्यापर्यंत यायला तयार नव्हतं. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड ९५, एचडीएल ४७, एलडीएल १३८.

पाकीट घ्यायला या वेळी वहिनी एकट्याच आल्या होत्या. होळी तोंडावर आलेली. विचारत होत्या, यांना पुरणपोळी चालेल ना, वर तूप घालून? मी म्हटलं, पोळी ट्रायग्लिसराइडच्या खात्यात, तूप एलडीएलच्या. त्या म्हणाल्या, “मग एक पोळी, तूप अर्धा चमचा,” आणि पाकीट पर्समध्ये टाकून निघाल्या.