ताठ चेन म्हणजे जास्त पिकअप नव्हे

‘मोटरसायकलची चेन ताठ केली की गाडी जोरात ओढते’ हा समज जळगाव-धुळ्याकडे अजून पक्का आहे. तो चुकीचा आहे. डबलसीट बसलं, किंवा केळीच्या बागेकडे जाताना खड्ड्यात शॉकअप दबलं, की दोन स्प्रॉकेटांमधलं (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चकत्यांमधलं) अंतर वाढतं आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ढील (चेनची मधोमध वर-खाली हलण्याची मोकळीक) नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. बहुतेक साध्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील लागते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. मोजताना चाक फिरवून सर्वांत ताठ जागा शोधा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. आणि कृपा करून जळकं ऑइल लावू नका. त्यात धातूचा बारीक चुरा असतो. ९० नंबरचं गिअर ऑइल लावा, जास्तीचं पुसून काढा. नाहीतर काळ्या मातीची धूळ चिकटते.