सशाची प्रवासपेटी

पाळीव सशाला दवाखान्यात किंवा परगावी नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बंदिस्त पण हवेशीर पेटीस प्रवासपेटी म्हणतात. बोलण्यात ‘कॅरियर’ हाच शब्द रूढ आहे. मांजरासाठी विकली जाणारी कडक प्लॅस्टिकची पेटी बहुतेक सशांना चालते, परंतु नागपुरात ती निवडताना आकाराइतकाच उन्हाचाही विचार करावा लागतो.

सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो, तर मागच्या पायांचे स्नायू फार जोरकस असतात. त्यामुळे उचलताना पायांखालचा आधार सुटला आणि घाबरलेल्या सशाने लाथ झाडली, तर त्याच्या स्वतःच्याच झटक्याने कमरेचा मणका मोडू शकतो. म्हणून वरूनही उघडणारी पेटी घ्यावी. पुढच्या दारातून ओढून काढू लागल्यास ससा नखे रोवून बसतो. वरचे झाकण असेल तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली घालून त्याला अलगद उचलता येते. गुळगुळीत तळावर पाय घसरतात आणि जाळीच्या तळाने तळपाय सोलवटतात. त्यासाठी जाड टॉवेल किंवा जुने पायपुसणे अंथरावे. सशाला वळता यावे आणि पाय पसरून लोळता यावे एवढीच जागा पुरे. दोन किलोच्या सशाला साधारण ४५ ते ५० सेंमी लांबीची पेटी होते. फार मोठ्या पेटीत तो प्रत्येक वळणावर आपटतो.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांतून बाहेर टाकतो. हवा ३० अंशांच्या वर गेली की उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे निदान दोन बाजूंनी जाळी असलेली पेटीच घ्यावी. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दवाखाना गाठायचाच असेल, तर पहाटे किंवा दिवस मावळल्यावर निघावे आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवावी. ओला टॉवेल चारही बाजूंनी टाकणे हा मात्र उपाय नव्हे, कारण त्याने हवाच कोंडते. ऑटोत पेटी सीटवर, सावलीच्या बाजूला, हाताने धरून ठेवावी.

संत्र्याच्या खोक्याला भोके पाडून ससा नेण्याची युक्ती या शहरात कोणालाही सुचण्याजोगी आहे; पण मूत्राने पुठ्ठ्याचा तळ भिजून जिन्यातच फाटतो. कापडी पिशवीची चेन ससा दातांनी कुरतडतो.

सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. बराच वेळ उपाशी राहिल्यास ते मंदावते आणि जिवावर बेतते. म्हणून पेटीत वाळलेले गवत भरपूर असावे. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्याप्रमाणे त्याला शस्त्रक्रियेपूर्वीही उपाशी ठेवत नाहीत. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा अन्यत्र न्यायचे असले, तरी हेच लागू होते. जोडीने राहणारे ससे एकाच पेटीतून न्यावेत, म्हणजे ते एकमेकांना बिलगून शांत राहतात.

पेटी एरवीही घराच्या कोपऱ्यात, दार उघडे ठेवून, आत गवत टाकून मांडून ठेवावी. फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून उतरणारी पेटी ससा लगेच ओळखतो आणि पलंगाखाली दडी मारतो.