तेलविहिरीतलं सिमेंट: वाट पाहण्यापासून मोजण्यापर्यंत

कॅलिफोर्नियातल्या लॉम्पॉक इथे 1903 साली फ्रँक हिल यांनी विहिरीत शिरणारं पाणी थोपवायला तळाशी सिमेंट सोडलं, आणि ते घट्ट झालं असेल अशा भरवशावर 28 दिवस काम थांबवलं. खाली काय चाललंय हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. पुढे पर्किन्स आणि हॅलिबर्टन यांनी सिमेंट पंपाने खाली ढकलण्याचं तंत्र पक्कं केलं, विहिरी खोल गेल्या आणि प्रश्न उलटला. खोलवरच्या उष्णतेने आणि दाबाने सिमेंट लवकर आळतं. केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीच्या, बाहेर जागेवर पोहोचण्याआधीच आळलं, तर विहीरच हातची जायची.

बांधकामाच्या सिमेंटच्या चाचण्या इथे कुचकामी. 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनोलिंड कंपनीच्या फ्लॉइड फॅरिस यांनी दाबाखाली चालणारं कन्सिस्टोमीटर बनवलं. आजही बेत तोच: स्लरीचा, म्हणजे सिमेंट आणि पाण्याच्या पातळ मिश्रणाचा, कप तेलाच्या दाबाखाली मिनिटाला 150 फेरे घेतो, आतलं पातं स्थिर धरलेलं असतं आणि त्यावर येणाऱ्या जोरावरून दाटपणा कळतो. खरी हुशारी तापमानात आहे. ते एकदम चढवत नाहीत. स्लरी खाली उतरताना जशी तापेल तसं वेळापत्रकाने वाढवतात. शिवाय गृहीत धरतात ते खडकाचं मूळ तापमान नव्हे, तर फिरत्या मडने, म्हणजे खोदकामात वापरायच्या चिखलासारख्या द्रवाने, थंडावलेल्या विहिरीचं. इथे अंदाज चुकला, तर बाकीचा काटेकोरपणा वाया.

ताकदीबद्दलची समजूतही फॅरिस यांनीच हलवली. केसिंग धरून ठेवायला 8 पीएसआय (चौरस इंचाला 8 पौंड) इतकी ताण-ताकद, म्हणजे ओढ सोसण्याची ताकद, पुरते, असं त्यांनी 1946 मध्ये मांडलं. दिवसांची प्रतीक्षा तासांवर आणण्याला त्यातून आधार मिळाला. सुमारे 110 अंश सेल्सिअसच्या वर मात्र आळलेलं सिमेंटही हळूहळू कमजोर होतं, म्हणून त्यात 35 ते 40 टक्के सिलिका घालतात. आपल्याकडे तेलविहिरींच्या सिमेंटसाठी आयएस 8229 हे मानक आहे.

फेसाळ सिमेंट, म्हणजे वायूचे बुडबुडे मिसळून हलकं केलेलं, या सगळ्यातलं अवघड प्रकरण. त्याची स्थिरता नेहमीच्या पद्धतीत वातावरणाच्या दाबालाच तपासतात. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातातल्या बीपी या तेल कंपनीच्या मॅकोंडो विहिरीवर, जिथे असंच सिमेंट वापरलं होतं, स्फोट होऊन 11 जण गेले. चौकशी आयोगासाठी शेव्हरॉनच्या प्रयोगशाळेने तशाच मिश्रणाच्या नऊ चाचण्या केल्या. एकीतही फेस टिकला नाही. तिथलं सिमेंटचं काम करणाऱ्या हॅलिबर्टन कंपनीने फेब्रुवारीत किंचित वेगळ्या मिश्रणावर केलेल्या दोन्ही चाचण्यांतही तो अस्थिरच निघाला होता, आणि त्यांतल्या एकीचे आकडे 8 मार्चलाच ई-मेलने बीपीकडे गेले होते.