सफारद नेमकं कुठं?

हिब्रू बायबलमधलं सगळ्यात छोटं पुस्तक ओबद्या संदेष्ट्याचं. अवघी २१ वचनं. त्यातल्या २०व्या वचनात एका ठिकाणाचं नाव येऊन जातं: सफारद. यरुशलेमहून परागंदा होऊन सफारदात राहिलेले लोक एक दिवस यहूदाच्या दक्षिणेकडच्या नेगेवमधली नगरं ताब्यात घेतील, असं भाकीत आहे. बस्स, एवढंच. अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये हे नाव पुन्हा येत नाही. एकदाच आलेल्या शब्दाची पंचाईत हीच, की ताडून पाहायला दुसरं वाक्य नसतं.

मग अंदाज सुरू झाले. ग्रीक भाषांतरात तिथं 'एफ्राथा' आलं. ख्रिस्ती विद्वान जेरोमच्या लॅटिन भाषांतरात तर चक्क बॉस्फोरस! आपल्या यहुदी गुरूनं तसं सांगितलं, असं त्यानं नोंदवलंय. यात गंमत आहे. आपण 'साताऱ्यात' म्हणताना 'त' शब्दाच्या शेवटी जोडतो, तसा हिब्रूत त्याच अर्थाचा 'ब' शब्दाच्या आधी जोडतात. त्यात जुन्या हिब्रूत स्वर लिहीत नसत. म्हणजे पानावर दिसणार ती नुसती व्यंजनं: ब-स-प-र-द. 'प' आणि 'फ'लाही अक्षर एकच. सगळं सलग वाचलं की झालं बॉस्फोरस. उद्या कुणी परका 'साताऱ्यात' नावाचं गाव नकाशात शोधत बसला, तर दुसरं काय होणार?

आरामी आणि सिरियाक या हिब्रूच्या नात्यातल्या भाषांमधल्या भाषांतरकारांनी स्पेन धरलं, आणि तेच रूढ झालं. स्पेनमधले यहुदी स्वतःला सफारदी म्हणवू लागले. १४९२ साली त्यांना तिथून हाकललं, तेव्हा हे नाव त्यांच्याबरोबर मोरोक्कोत, ऑटोमन तुर्कांच्या मुलखात गेलं. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींची प्रार्थनाही सफारदी वळणाची, त्यांचे पूर्वज स्पेनचे नसले तरी. आजच्या हिब्रूत स्पेनला स्फारदच म्हणतात. त्याच वचनातलं सारफथ हे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं गाव. तेही असंच उचलून फ्रान्सला बहाल झालं.

खरा धागा सापडला तो दगडात. मुंबई इलाख्याच्या फौजेतून इराणला गेलेल्या हेन्री रॉलिन्सननं बेहिस्तूनच्या कड्यावरचा सम्राट दारयवहूचा (आपल्या पाठ्यपुस्तकातला दरायस) लेख उतरवून घेतला आणि १८४०च्या दशकात त्यातला जुना फारसी मजकूर उलगडला. त्यात दारयवहूच्या ताब्यातल्या २३ देशांची यादी आहे, आणि तिच्यात 'स्पर्द' आहे. हा स्पर्द म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेचा लिडिया, आणि त्याची राजधानी सार्डिस. गडगंज श्रीमंत क्रीसस राजाचं हे शहर. सूसापासून निघणारा इराणी राजरस्ता इथवर यायचा. आता तिथं सार्त नावाचं गाव आहे.

तरी फारसी 'स्पर्द' आणि हिब्रू 'सफारद' एकच कशावरून? तो पुरावा सार्डिसच्याच दफनभूमीत होता. अमेरिकी उत्खननात १९१२ साली तिथं एक संगमरवरी शिळा मिळाली. एकाच मजकुराची लिडियन आणि आरामी अशी दोन रूपं तिच्यावर कोरलेली. माने नावाच्या माणसाचं हे थडगं. त्याला कुणी हात लावला तर अर्तेमिस देवी त्याचं अंगण, घर, माती, पाणी सगळं उधळून टाकील, असा शाप दिलाय. शिलाहारांच्या काळातले गधेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेले दगड) पाहिलेल्याला ही भाषा ओळखीची वाटेल. फक्त इथली शापवाणी शिष्ट आहे. आरामी मजकुराच्या सुरुवातीला तारीख आहे: अर्तहशश्त (इराणी सम्राट आर्टाझर्क्सीस) राजाचं १०वं वर्ष, मार्हेश्वान महिन्याचा ५वा दिवस. आणि पुढे ठिकाण: 'ब-सपरद बीरता', म्हणजे सफारदच्या किल्ल्यात. ओबद्यात आहेत तीच चार अक्षरं, आणि आधी जोडलेला तोच 'ब'!

एक दावेदार आणखी आहे. असिरियाच्या सारगोन राजाच्या लेखांत मीडिया या आजच्या इराणमधल्या प्राचीन देशातल्या 'सपर्द' प्रदेशाचा उल्लेख येतो, आणि असिरियानं बंदिवान मीडियात नेऊन वसवल्याचं बायबलही सांगतं. पण ते उत्तरेकडच्या इस्राएलचे लोक होते. ओबद्या बोलतो यरुशलेमच्या लोकांबद्दल. त्यामुळे मला सार्डिसचंच पारडं जड वाटतं. सार्डिसला १९६२ साली सापडलेलं भव्य सिनेगॉग मात्र यात पुरावा म्हणून पुढे करू नये. ते रोमन काळातलं, ओबद्याच्या कितीतरी शतकांनंतरचं.

१९३३ साली इराणमधल्या पर्सेपोलिसच्या राजवाड्याच्या पायात दगडी पेट्या सापडल्या. आत सोन्याचे आणि चांदीचे पत्रे होते. दारयवहू त्यात आपल्या राज्याच्या सीमा सांगतो: मध्य आशियातल्या सोग्दियापलीकडच्या शकांपासून इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कुशपर्यंत, आणि हिंदुशपासून स्पर्दपर्यंत. हिंदुश म्हणजे सिंधूचा मुलूख. आपला 'स' जुन्या इराणीत 'ह' होतो. सप्तचा हफ्त झाला, आणि त्यातूनच आपल्याकडे कर्जाचा 'हप्ता' आला. हाच हिंदुश हिब्रूत जाताना मधला 'न' गमावून 'होद्दू' झाला. तोही बायबलमध्ये फक्त एस्तेरच्या पुस्तकात, 'होद्दूपासून कूशपर्यंत' अशा एकाच वाक्प्रचारात, दोनदा येतो. म्हणजे त्या पत्र्यावरच्या एकाच ओळीची दोन्ही टोकं हिब्रूत दुर्मीळ नावं बनून राहिली. त्यातलं पश्चिमेचं टोक भाषांतरकारांनी थेट स्पेनपर्यंत ओढत नेलं. होद्दूला मात्र कुणी जागचं हलवलं नाही.